सीसीएनएचं गाइड घेताय? आधी परीक्षेची विषययादी हातात घ्या

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत, नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी कुठलं पुस्तक घेऊ. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच देतेय. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच, सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, कोड २००-३०१, दोन तासांचा पेपर, फी ३०० डॉलर आणि वर टॅक्स, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढे जातं प्रकरण. नापास झालात तर फी परत भरायची. एवढे पैसे घालणाऱ्या माणसाने पुस्तक नीट बघून घ्यायला नको का?

ताई, मी बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून सीसीएनएचं जुनं पुस्तक ३०० रुपयांना घेतलं. चांगलं जाडजूड आहे, पानं पण नीट आहेत. दुकानदार म्हणाला नेटवर्किंग काही बदलत नसतं. यावरून अभ्यास केला तर चालेल का? (विद्यार्थिनी, सातारा)

अगं, नेटवर्किंग फारसं बदलत नाही हे खरंय पण परीक्षा बदलते, आणि तुला परीक्षाच पास व्हायचीय. मी हे स्वतः भोगलंय म्हणून जीव तोडून सांगते. २०१७ साली मी परीक्षा दिली तेव्हा माझ्याकडे कुणीतरी दिलेलं पुस्तक होतं, ते २०१३ च्या जुन्या पेपरसाठी लिहिलेलं. त्यात फ्रेम रिलेवर, म्हणजे लांबची ऑफिसं जोडायच्या एका जुन्या तंत्रावर, अख्खा मोठा धडा. मी तीन आठवडे त्यात घातले, डीएलसीआय काय, एलएमआय काय, आकृत्या काढून काढून पाठ केलं, नोकरीवरून आल्यावर रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत बसून. आणि फ्रेम रिले त्या परीक्षेतून २०१६ लाच काढून टाकलं होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं की सिस्को स्वतःच्या वेबसाइटवर विषयांची यादी फुकट देते. ती यादी मी पहिल्यांदा पाहिली परीक्षेच्या चार दिवस आधी, त्या रात्री झोप लागली नाही.

तर तू आता असं कर. पुस्तक हातात घे, कव्हरवर परीक्षेचा कोड बघ. २००-३०१ असेल तर पुढे जायचं. १००-१०५, २००-१०५ किंवा २००-१२५ असं काही असेल तर ते फेब्रुवारी २०२० च्या आधीचं आहे, त्या तिन्ही परीक्षा तेव्हाच बंद झाल्या. कव्हर फाटलेलं असेल तरी हरकत नाही, अनुक्रमणिकेवरून वय कळतं. फ्रेम रिलेचा धडा दिसला की समज २०१६ च्या आधीचं. ईआयजीआरपी आणि आरआयपी हे रूटिंगचे प्रोटोकॉल कॉन्फिगर करायला शिकवणारे धडे दिसले की २०२० च्या आधीचं. आणि कोड २००-३०१ असला तरी एक शेवटची तपासणी राहते, कारण ऑगस्ट २०२४ पासून त्याच कोडची १.१ आवृत्ती सुरू झाली. ऑटोमेशनचा धडा उघड. त्यात पपेट आणि शेफ ही टूल्स असतील आणि टेराफॉर्म नसेल तर पुस्तक १.० चं आहे. १.१ मध्ये अँसिबल राहिलं, पपेट-शेफ गेले, टेराफॉर्म आलं, शिवाय एआय आणि मशीन लर्निंगचा छोटा भाग आला, स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचच्या जाळ्यात चक्र होऊ न देणारा प्रोटोकॉल) रूट गार्ड, लूप गार्ड वगैरे आले.

आता तुझे ३०० रुपये वाया गेले असं मात्र समजू नकोस. १.० चं पुस्तक असेल तर बिनधास्त त्यावरून कर, वर सांगितलेले भाग तेवढे वेगळे वाच. २०२० च्या आधीचं असेल तर त्यातलं सबनेटिंग (नेटवर्कचे तुकडे पाडणं), व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी लिंक), आयपी ॲड्रेस, ओएसपीएफ या रूटिंग प्रोटोकॉलचा पाया, एसीएल (काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं त्याचे नियम) हे सगळं आजही तसंच आहे, ते त्यातून करता येईल. पण वायरलेस, सिक्युरिटी आणि ऑटोमेशनसाठी तुला दुसरं काहीतरी लागेलच. कॉलेजमध्ये एकदा विचार, सिस्को नेटवर्किंग अकॅडमी आहे का म्हणून, कारण असेल तर सीसीएनएचे तिन्ही कोर्स तिथून होतात आणि मग नवं पुस्तक घ्यायची गरजही कदाचित पडणार नाही.

नमस्कार मॅडम. मी लातूरला एका लोकल इंटरनेट कंपनीत फील्डवर आहे. फायबर स्प्लायसिंग, राउटर बसवणं, कस्टमरची कंप्लेंट काढणं सगळं येतं, डिप्लोमा झालाय. पण शिक्षण मराठी माध्यमातून. इंग्रजी गाइड आणलं, दहा पानांपुढे जातच नाही. मराठीत चांगलं गाइड आहे का, नाहीतर सोप्या इंग्रजीतलं सांगा. (फील्ड टेक्निशियन, लातूर)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मीसुद्धा दहावीपर्यंत मराठी शाळेत होते, त्यामुळे ती दहा पानं काय असतात ते मला माहितीये. डोळे ओळीवरून फिरतात, डोक्यात काही जात नाही आणि मग आपल्यालाच वाटायला लागतं की आपल्याला हे झेपणार नाही. तसं नाहीये. अडचण भाषेची आहे, अकलेची नाही, आणि भाषेची अडचण सुटते.

आधी मराठी गाइडचं. आपल्याकडे परीक्षा इंग्रजीत द्यायची, प्रश्न इंग्रजीत, ऑप्शन इंग्रजीत. त्यामुळे पूर्ण अभ्यास मराठी पुस्तकातून केला तर परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा इंग्रजी वाक्य समोर येईल आणि तिथे घड्याळ चालू असतं. समजून घ्यायचं मराठीत, वाचायची सवय इंग्रजीत, असं दोन्ही लागेल.

पुस्तक निवडताना तुमच्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे जी इंग्लिश मीडियमवाल्यांना कुणी सांगत नाही कारण त्यांना ती अडत नाही. काही गाइड अगदी गप्पा मारल्यासारखी लिहिलेली असतात, मधेमधे अमेरिकेतले विनोद, तिकडच्या म्हणी. लोक म्हणतात सोपं आहे, पण आपल्याला नेमकं तेच अवघड जातं, टेक्निकल शब्द कळतात आणि त्या म्हणींपाशी अडायला होतं. तुम्हाला सरळ, कोरडं, लहान वाक्यांचं इंग्रजी हवं. सिस्को प्रेसचं ऑफिशियल सर्ट गाइड, वेंडेल ओडम यांचं, दोन खंडांत आहे, त्याची २०२४ ची दुसरी आवृत्ती १.१ साठी आहे. जाडी बघून घाबरायला होतं पण भाषा सरळ आहे, एक गोष्ट दोनदा समजावतात आणि बहुतेक धड्यांच्या सुरुवातीला छोटी प्रश्नमंजुषा आहे, ती आधी सोडवायची म्हणजे धड्यात काय वाचायचं आणि काय आपल्याला येतंच हे कळतं. तुमच्यासाठी तर ही सोय सोन्यासारखी आहे. केबलिंगचा भाग बघा, सिंगल मोड फायबर, मल्टीमोड फायबर, कॉपर, एसएफपी. जो माणूस रोज खांबावर चढून स्प्लायसिंग करतो त्याने ती पानं अर्ध्या तासात संपवावीत. डुप्लेक्स मिसमॅचमुळे (लिंकची एक बाजू हाफ, दुसरी फुल डुप्लेक्सवर) हाफ डुप्लेक्सच्या बाजूला लेट कोलिजन वाढतात हे पुस्तकात तुम्हाला नवीन वाटेल, पण "लिंक अप आहे, पिंग जातंय तरी स्पीड येत नाही" ही कंप्लेंट तुम्ही कितीदा काढली असेल. तीच गोष्ट आहे ती.

विकत घ्यायच्या आधी कुठलंही गाइड दुकानात उभं राहून एकाच ठिकाणी उघडा, सबनेटिंगच्या धड्यात. आणि एक गणित मनात धरून जा. समजा १०.२०.७७.१३०/२७, हा ॲड्रेस कुठल्या सबनेटमध्ये? /२७ चा मास्क २५५.२५५.२५५.२२४, २५६ मधून २२४ गेले ३२ उरले, म्हणजे सबनेट ३२-३२ च्या उड्या मारत जातात, ०, ३२, ६४, ९६, १२८, १६०. आपला १३० हा १२८ आणि १६० च्या मधे. तर सबनेट १०.२०.७७.१२८, ब्रॉडकास्ट १०.२०.७७.१५९, आणि मधले १२९ ते १५८ हे ३० ॲड्रेस मशीनना देता येतात. झालं. आता बघा ते पुस्तक हीच गोष्ट कशी सांगतंय. तुम्हाला वाचून ती उडी कळली तर ते पुस्तक तुमचं. नुसते शून्य-एकचे तक्ते पानभर पसरलेत आणि शेवटी उत्तर टाकलंय असं असेल तर ठेवून द्या, मग त्यावर कितीही तारे छापलेले असोत.

आणि क्रम उलटा करा. आधी व्हिडिओ, मग पॅकेट ट्रेसरवर (सिस्कोचं लॅब करायचं सॉफ्टवेअर) हात चालवणं, आणि पुस्तक शेवटी. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅब म्हणून चॅनल आहे, पूर्ण सीसीएनए फुकट आहे, उच्चार स्वच्छ आहेत, सबटायटल लावून बघा. एक व्हिडिओ बघितला, त्याचा लॅब केला, मग त्याच विषयाचं पुस्तकातलं पान उघडलं की तेच इंग्रजी एकदम ओळखीचं वाटायला लागतं. जवळ एक दोनशे पानी वही ठेवा, डाव्या बाजूला पुस्तकातलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं, उजव्या बाजूला आपल्या बोलीत अर्थ. "फॉरवर्ड" म्हणजे पुढे पाठवतो, "डिस्कार्ड" म्हणजे फेकून देतो, "फ्लड" म्हणजे आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्यांना वाटतो. परीक्षेतली क्रियापदं फार नाहीत हो, शंभर-दीडशे शब्द घोटलेत की प्रश्न वाचताना अडखळायला होत नाही. दहा पानांचं बंधन घालू नका, रोज दोन पानं, पण पूर्ण समजून. काही अडलं तर परत लिहा मला, नक्की लिहा.

मॅडम, माझा मुलगा इंजिनिअरिंग करून घरी आहे. एका क्लासची माहिती काढली, ते म्हणतात आमच्याकडे खऱ्या परीक्षेचे प्रश्न पीडीएफमध्ये आहेत, ते पाठ केले की गाइडची गरजच नाही, गॅरंटी. फी बरीच आहे पण मुलाचं वर्ष वाचेल असं वाटतं. घ्यावं का? (एक पालक, नाशिक)

काका, घेऊ नका. हात जोडून सांगते.

याला या धंद्यात डंप म्हणतात. परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला पेपर सुरू व्हायच्या आधी एका करारावर हो म्हणावं लागतं, त्यात प्रश्न बाहेर सांगणार नाही आणि असे चोरलेले प्रश्न वापरणार नाही असं स्पष्ट असतं. सिस्कोला गैरप्रकार आढळला तर निकाल रद्द करता येतो, पुढे परीक्षेला बसायला बंदीसुद्धा घालता येते. म्हणजे पैसे तुमचे जाणार, नाव मुलाचं जाणार, आणि गॅरंटी देणारा क्लास कुठेच नसणार. शिवाय त्या पीडीएफमधली उत्तरं कुणी लिहिलेली असतात देव जाणे, मी पाहिल्यात त्यात एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं होती.

पण समजा हे काही झालं नाही आणि मुलगा पास झाला, तर पुढचं ऐका. मी आमच्याकडे मुलाखती घेते. एक मुलगा आला होता, सर्टिफिकेट ताजं, मार्क चांगले. मी त्याच्यासमोर राउटरचा रूटिंग टेबल (कुठल्या नेटवर्कला कुठून जायचं याची यादी) ठेवला, एका ओळीच्या सुरुवातीला ओ अक्षर आणि पुढे चौकोनी कंसात ११०/२. विचारलं, हे काय आहे? तो ओएसपीएफ म्हणाला, पाठ होतं. मग विचारलं, ११० म्हणजे काय आणि २ म्हणजे काय, आणि याच नेटवर्कसाठी स्टॅटिक रूट टाकला तर टेबलात काय दिसेल? गप्प. ११० ही ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे या प्रोटोकॉलवर राउटरचा विश्वास किती, २ हा त्या रस्त्याचा खर्च, आणि स्टॅटिकची डिस्टन्स १ असते म्हणून स्टॅटिक टेबलात येईल आणि ओएसपीएफची ओळ दिसेनाशी होईल. कुठल्याही बऱ्या गाइडमधला हा पायाचा भाग आहे. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, वाईट मुलगा नव्हता तो, त्याला कुणीतरी तुमच्यासारखंच वर्ष वाचवायला म्हणून तिकडे पाठवलं असणार.

त्याच पैशात ऑफिशियल गाइडचे दोन्ही खंड येतील, परीक्षेची फी निघेल आणि बहुतेक काहीतरी उरेलही. मुलगा घरी आहे म्हणता, म्हणजे दिवसाचे चार तास मिळतात त्याला, चार-पाच महिन्यांत होतं. क्लासच लावायचा असेल तर जरूर लावा, चांगले क्लास आहेत, फक्त आत गेल्यावर एकच विचारा की लॅब किती तास देता आणि कुठलं पुस्तक वापरता. पुस्तकाचं नाव सांगायला जो क्लास टाळाटाळ करतो तिथून उठा.

नेटवर्क प्लस करू की सीसीएनए? दोन्हीची गाइड घेऊन ठेवलीयेत. (ठाणे)

एकच करा. नेटवर्क प्लस ही कॉम्पटिया या संस्थेची परीक्षा, कुठल्याही एका कंपनीच्या मशीनला बांधलेली नाही, आत्ताचा कोड एन१०-००९, ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न. हेल्पडेस्क, डेस्कटॉप सपोर्टमधून वर यायचं असेल, स्विच-राउटरला कधी हात लावला नसेल तर ती चांगली सुरुवात आहे. नेटवर्क इंजिनिअर म्हणूनच नोकरी शोधायची असेल तर थेट सीसीएनए, माझं मत असंच आहे, कारण मुलाखतीत कमांड विचारतात आणि नेटवर्क प्लसमध्ये तेवढा कमांडचा सराव होत नाही. पण ती गाइड फेकू नका, ओएसआय मॉडेल (नेटवर्कच्या कामाचे सात थर), पोर्ट नंबर, केबलचे प्रकार हे त्यात सुटसुटीत असतं, सुरुवातीचे आठ-दहा दिवस तेच वाचलं तरी चालेल.

गाइडमध्ये प्रत्येक धड्याला लॅब आहे. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून जुने दोन स्विच आणि दोन राउटर घ्यावेत असं मित्र म्हणतो. खरंच लागतात का? (डोंबिवली)

सीसीएनएसाठी नाही लागत. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे, नेटवर्किंग अकॅडमीवर खातं काढायचं आणि उतरवून घ्यायचं, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात २९६० स्विच आहे, जो तुमचा मित्र तुम्हाला विकत घ्यायला सांगतोय बहुधा तोच. खरा स्विच घरात लावलात तर पंख्याचा आवाज इतका येतो की शेजारच्या खोलीत कुणी झोपू शकत नाही, आणि एक पोर्ट मेलेला निघाला तर तुमची चूक की स्विचची हे शोधण्यात रविवार जातो. हौस असेल आणि पैसे असतील तर एक घ्या, कन्सोल केबल लावून पहिल्यांदा प्रॉम्प्ट दिसतो तो आनंद वेगळाच असतो हे मी नाकारत नाही. पण परीक्षेसाठी म्हणून नको.

उलट गाइड निवडताना हे बघा की त्यातले लॅब पॅकेट ट्रेसरवर होतात का आणि ते लॅब तुम्हाला मुद्दाम बिघडवायला लावतात का. म्हणजे काय ते सांगते. दोन स्विच ट्रंकने जोडा, एका बाजूला नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवरून टॅग न लावता जाणारा) १ तसाच ठेवा, दुसऱ्या बाजूला ९९ करा. थोड्या वेळात कन्सोलवर आपोआप ओळ येते, नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच डिस्कव्हर्ड, पुढे पोर्टचं नाव, कंसात १, शेजारच्या स्विचचं नाव, कंसात ९९. हे सांगतंय कोण? सीडीपी, म्हणजे शेजारच्या सिस्को मशीनची ओळख काढणारा प्रोटोकॉल, जो तुम्ही चालूही केला नव्हता, तो आधीपासून चालूच असतो. एका बिघाडात तीन विषय शिकून झाले, ट्रंक, नेटिव्ह व्हीलॅन आणि सीडीपी. जे गाइड फक्त बरोबर कमांड टाइप करून घेतं आणि पिंग झालं की पुढच्या धड्यावर नेतं त्यातून हे कळत नाही.

ताई, परीक्षा दीड महिन्यावर आलीये. माझ्याकडे तीन गाइड, दोन व्हिडिओ कोर्स आणि सातशे फ्लॅशकार्ड आहेत. सगळं अर्धवट झालंय. कुठलं पूर्ण करू? घाबरायला होतंय. (नोकरी करणारी मुलगी, पिंपरी)

घाबरू नकोस, दीड महिना पुष्कळ आहे, फक्त आज रात्री दोन गाइड कपाटात वर ठेवून दे जिथे हात पोचत नाही. कुठली ठेवायची? ज्यात तुझ्या खुणा, तुझ्या पेन्सिलच्या रेघा सगळ्यात जास्त आहेत ते खाली राहू दे, बाकीची वर. कुठलं जास्त चांगलं यावर आता विचार करायचा नाही, ती वेळ गेली. एका विषयाची तीन पुस्तकं वाचली की काय होतं, प्रत्येकाची मांडणी वेगळी, प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणी ताणलेलं, आणि आपण प्रत्येकात पहिले सहा धडेच परत परत वाचत बसतो. तुझंही तेच झालं असणार, ओएसआय मॉडेल तीनदा वाचलं असशील आणि नॅट (आतले आयपी ॲड्रेस बाहेर जाताना बदलणं) एकदाही नाही.

मग सिस्कोच्या साइटवरून २००-३०१ ची विषययादी काढ, प्रिंट मार, काही पानांचीच आहे. त्यात सहा भाग आहेत आणि प्रत्येकाचं वजन दिलंय. नेटवर्क फंडामेंटल्स २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५, ऑटोमेशन १०. म्हणजे पहिले तीन भाग धरले की ६५ टक्के झाले, त्यातही आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे रूटिंग, सगळ्यात मोठं.

आता खरी गंमत त्या यादीतल्या क्रियापदांत आहे आणि हे मला फार उशिरा कळलं. प्रत्येक ओळ एका क्रियापदाने सुरू होते. "कॉन्फिगर अँड व्हेरिफाय" असेल तर ते हाताने करता आलंच पाहिजे, कमांड पाठ, आउटपुट वाचता आलं पाहिजे. "डिस्क्राइब" किंवा "एक्सप्लेन" असेल तर समजलं पाहिजे, बास. दोन रंगांचे हायलायटर घे. व्हीलॅन, ट्रंक, इथरचॅनल (अनेक लिंक एक करून वापरणं), स्टॅटिक रूट, सिंगल एरिया ओएसपीएफ, एसीएल, नॅट, पोर्ट सिक्युरिटी, हे सगळे एका रंगात येतील, ते पॅकेट ट्रेसरवर. एचएसआरपी ज्यात येतं तो फर्स्ट हॉप रिडंडन्सीचा भाग (एक राउटर पडला तर दुसरा सांभाळतो) "डिस्क्राइब" मध्ये आहे, क्यूओएस (कुठल्या ट्रॅफिकला आधी जाऊ द्यायचं) "एक्सप्लेन" मध्ये. पुष्कळ मुलं एचएसआरपीच्या कमांड पाठ करत दोन-दोन दिवस घालवतात कारण गाइडमध्ये दिल्यात म्हणून. गाइड लिहिणारा जास्तीचं देणारच, त्याचं काम आहे ते, पण तुला दीड महिन्यात काय सोडायचं ते ही यादी सांगते, गाइड सांगत नाही.

तू नोकरी करतेस, म्हणजे नऊ ते सहा धरते. सकाळी निघायच्या आधी वीस मिनिटं सबनेटिंग, रोज दहा गणितं, कागदावर, पिंपरी-शिवाजीनगर लोकलमध्ये बसून केलीस तरी चालतील. संध्याकाळी एक दिवस वाचन, एक दिवस लॅब, आलटून पालटून. फ्लॅशकार्ड सातशे नको, स्वतः चुकलेल्या प्रश्नांची बनव, ती दीडशेच्या वर जाणार नाहीत. शेवटचे दोन आठवडे सराव पेपर, पूर्ण दोन तास लावून, आणि एक लक्षात ठेव की खऱ्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, पुढे गेलं की गेलं. म्हणून घरीसुद्धा तसंच सोडवायचं, मागे जायचं नाही, आत्ता जे वाटतंय ते निवडायचं आणि पुढे. सराव पेपरचे मार्क किती आले यापेक्षा चुकीच्या प्रत्येक उत्तराखाली ते का चूक हे लिहून काढ, आणि चांगला सराव पेपर तोच जो बाकीचे तीन ऑप्शन का नाहीत हेही समजावतो. पासिंगचा आकडा सिस्को जाहीर करत नाही, त्यामुळे मैत्रिणी सांगतात त्या आकड्याच्या मागे लागू नकोस.

आणि समजा नाही झालं, तर पाच दिवसांनी परत बसता येतं. फी परत भरावी लागते हे खरं आणि ती छोटी नाही, पण रिपोर्टमध्ये सहा भागांत कुठे कमी पडलीस ते टक्क्यांत येतं, त्याच्यावरून नेमका कच्चा भाग पकडता येतो.

माझी सीसीएनए पुढच्या वर्षी संपतेय. परत तेच गाइड आणून पूर्ण अभ्यास करावा लागेल का? (म्हापसा, गोवा)

गरज नाही. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, ते संपायच्या आत परीक्षा द्या किंवा कंटिन्युइंग एज्युकेशनचे ३० क्रेडिट जमवा, दोन्ही चालतं. सिस्कोच्या ऑनलाइन कोर्सेसना क्रेडिट असतात, अधूनमधून फुकट कोर्सही येतात. वर्ष हातात आहे तर क्रेडिटच बरे. आणि पुढे सीसीएनपी, म्हणजे सिस्कोची वरच्या पातळीची परीक्षा, करायचा विचार असेल तर तिची कोअर परीक्षा पास झालात की सीसीएनए आपोआप वाढते, मग गाइडचे पैसे त्या बाजूला घाला. फक्त शेवटची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, एक दिवस जरी उलटला तरी पूर्ण परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते.